बोटीवर नोंदणी क्रमांक सरळ कसा चिकटवायचा? (एक बाजू वाकडी करून बसलोय)

वल्हवणारा
मंडळी, नमस्कार. पाच मीटरची फायबरची जुनी बोट घेतली. नोंदणी नावावर झाली, नवा क्रमांक हातात आला. काळी अक्षरं कापून आणली, ८ सेंटिमीटर उंच, सगळी सुटी. रविवारी सकाळी हुरूप होता, बोट घासूनपुसून पॉलिश केली आणि डावी बाजू लावायला घेतली. पाणसळ लावली, पेन्सिलीने रेघ मारली, रेघेवर एकेक अक्षर बसवलं. जवळून बघताना छापल्यासारखं दिसत होतं.

मग दहा पावलं मागे गेलो. आख्खा क्रमांक बोटीच्या टोकाकडे खाली उतरतोय! बोट बुडायला निघाल्यासारखी दिसते. वर तीन बुडबुडे आहेत आणि सातचा पाय काही केल्या चिकटत नाही, दाबला की परत उचलतो. बोट अजून ट्रेलरवरच आहे आणि उजवी बाजू कोरी आहे, म्हणून हात आवरून आधी इथे विचारतोय. रेघ नक्की कशाला धरून मारायची? आणि लावलेली अक्षरं काढून तीच परत वापरता येतील का?

नांगरटाका
पॉलिश करून मग स्टिकर? अंगाला तेल चोपडून पट्टी चिकटवायला गेलात की हो. सातच्या पायाला दोष देऊ नका.

जुनाखलाशी
पाणसळ घरात ठेवा. भिंतीला उपयोगी, बोटीला नाही.

ट्रेलरवर बोट बहुतेक वेळा नाळ उचलून बसलेली असते. (नाळ म्हणजे पुढचं टोक, नव्या मंडळींसाठी.) पाणसळीने जमिनीला समांतर रेघ मारली की ती बोटीच्या हिशोबाने नाळेकडे उतरती होते. बोट पाण्यात गेली, नाळ खाली आली, की रेघ अजूनच उतरते. तुमचं हेच झालंय.

आता दुसरी गोष्ट. समजा ट्रेलरचा तोंडाकडचा जॅक खाली-वर करून बोट अगदी समतल केलीत आणि मग पाणसळ लावली, तरी क्रमांक वाकडा दिसू शकतो. कारण बघणारा पाण्याची पातळी बघत नाही, तो अक्षरांच्या सगळ्यात जवळची लांब रेघ बघतो. ती रेघ म्हणजे काठाची रबर पट्टी किंवा रंगाचा पट्टा. काठ नाळेकडे चढत जातो. चढत्या रेघेखाली आडवी रेघ आली की डोळ्याला ती उतरतीच वाटते.

माझी पद्धत सांगतो. रबर पट्टीच्या खालच्या कडेपासून एकच माप धरून, समजा १५ सेंटिमीटर, दर वीतभर अंतरावर पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. ठिपके मास्किंग टेपने जोडायचे. टेपची वरची कड म्हणजे अक्षरांची बैठक. मग मागे जायचं आणि बघायचं. पटलं नाही तर टेप उचलून परत. टेपला कंटाळा येत नाही.

शिडवाली
काकांशी निम्मी सहमत. काठ फार चढा नसेल तर रबर पट्टी धरावी, प्रश्नच नाही. पण माझ्या शिडाच्या होडीचा काठ नाळेकडे चांगलाच उचललेला आहे. पट्टीला समांतर लावल्यावर अक्षरं टेकडी चढायला निघाल्यासारखी दिसायला लागली, आणि खाली पाण्याजवळचा रंगाचा पट्टा आडवा असल्यामुळे ते आणखी डोळ्यांत खुपत होतं. शेवटी दोन्हींच्या मधला कोन घेतला. मापाने बघितलं तर तो कशालाच समांतर नाही, पण दिसायला सरळ.

त्यामुळे माझं मत असं, की माप सुरुवातीपुरतं. निकाल डोळ्याने लावायचा, तोही लांबून आणि पाण्यातली दुसरी बोट जेवढ्या उंचीवरून बघेल तेवढ्या उंचीवरून. उभं राहून वरून बघितलं तर वेगळं दिसतं, म्हणून मी चक्क मांडी घालून बसले होते.

वल्हवणारा
काका, ताई, दोघांनाही धन्यवाद. पण एक शंका. टेप सरळ ताणून लावली तरी नाळेजवळ ती आपोआप वर पळते. मी ओढत नाहीये, तरीही.

जुनाखलाशी
पळणारच. नाळेजवळ बोटीची बाजू वर उमलत जाते, खाली अरुंद, वर रुंद. कागदाचा कोन करा, टोक खाली धरा आणि त्याच्या अंगावर सरळ पट्टी गुंडाळा. मधे आडवी ठेवलीत तरी पट्टीची दोन्ही टोकं वर उचलतात. सपाट पट्टीला अशा अंगावर सुरकुती न पडता जायला तेवढाच मार्ग असतो. बोटीवर टेप हेच करते, आणि एका तुकड्यात कापून आणलेला लांब क्रमांकही हेच करतो, मधे झोळ आणि टोकं वर. हसरा क्रमांक! जबरदस्तीने आडवा बसवायला गेलात तर खालच्या कडेला चुण्या पडतात, कारण खाली कागद जास्त आणि जागा कमी.

तुमची अक्षरं सुटी आहेत हे तुमचं नशीब. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी थोडं वळवता येतं. रुंद मास्किंग टेप वळणावर मुकाट बसत नाही. ६ मिलिमीटर रुंदीची बारीक प्लास्टिकची टेप मिळते, गाड्या रंगवणारे वापरतात. ती वळते आणि कडही स्वच्छ देते.

गुण्या_ओळंबा
सुतारकाम करतो, बोटीचं फार कळत नाही, पण लांब वळण काढायला आम्ही पातळ लवचिक पट्टी वापरतो. दोन टोकांना एकेक माणूस, पट्टी अंगाला टेकवायची, ती स्वतःच गुळगुळीत वळण घेते. ठिपक्या-ठिपक्याने जोडलेल्या रेघेत एखादा ठिपका चुकला की कुबड येतं, पट्टीत येत नाही.

अक्षरं उभी कशी धरायची ते कोणी सांगितलं नाही. रेघ वळणारी असेल तर प्रत्येक अक्षर आपल्या जागच्या रेघेला काटकोनात हवं. छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) घ्या. पुठ्ठ्याचा कापलात तरी चालेल, तो अंगावर वाकतो.

रेडियम_राजा
हा माझा धंदा, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे माल. आपण सरसकट सगळ्याला रेडियम म्हणतो, पण असतं ते व्हिनाइल, आणि त्याच्या दोन जाती. एक कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरखाली दाबून पसरवलेलं. दुसरं कास्ट, म्हणजे पातळ ओतून सुकवलेलं. कॅलेंडर्ड जाड आणि स्वस्त, पण त्याच्या अंगात ताण राहतो. उन्हात ते आक्रसतं, कडेला गोंदाची बारीक रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते आणि अक्षराला काळी किनार आल्यासारखी दिसते. कास्ट साधारण ५० मायक्रॉन जाडीचं, वळणावर निमूट बसतं आणि वर्षानुवर्षं आकार धरून राहतं. बोटीसाठी कास्टच मागा. दुकानदार "सेमच आहे" म्हणाला तर दुकान बदला.

दुसरं, उंची. ८ सेंटिमीटर सांगितलं की काही जण संगणकावर फॉन्टचा आकार ८ सेंटिमीटर टाकतात. अक्षर त्याहून लहान येतं, कारण त्या आकारात वरखालची मोकळी जागाही धरलेली असते. नियमात उंची असते ती अक्षराची. अमेरिकेत किमान ३ इंच, कॅनडात ७.५ सेंटिमीटर. पट्टीने मोजून घ्या, नाहीतर दोन मिलिमीटरसाठी सगळं परत. फॉन्ट साधा, ठळक, उभा. तिरकी, वेलांटीदार अक्षरं बोटीच्या नावाला ठेवा.

तिसरं, मधली जागा. अक्षरांचा गट आणि आकड्यांचा गट यांच्यात मोकळी जागा किंवा आडवी रेघ लागते. अमेरिकेच्या नियमात तर ती जागा एका अक्षराएवढी हवी आणि ते अक्षर रोमन आय किंवा एकचा आकडा धरायचा नाही, असं चक्क लिहिलंय, कारण ते दोन्ही बारीक. पण एकाच गटातल्या दोन अक्षरांमधलं अंतर पट्टीने सारखं ठेवू नका. एकच्या दोन्ही बाजूंना आपोआप ऐसपैस जागा दिसते आणि आठाशेजारी शून्य आला की दोघे एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे वाटतात. थोडं पुढेमागे करून डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवा.

शक्य असेल तर क्रमांक वरच्या ट्रान्सफर टेपसकट (अक्षरं एकत्र जागेवर धरून ठेवणारी वरची चिकट टेप, लावून झाली की काढून टाकायची) आणा, पण दोन किंवा तीन तुकड्यांत. अंतर दुकानात नीट बसलेलं असतं आणि तुकडे असल्यामुळे वर काकांनी सांगितलेला झोळ येत नाही. घरी आणल्यावर तुकड्याचा खालचा कागद अक्षरांच्या पायापासून बरोबर २ सेंटिमीटरवर कापून घ्या. मग अक्षरं बघायची गरजच नाही, कागदाची कड टेपला भिडवली की झालं.

वल्हवणारा
हे आधी वाचलं असतं तर! माझा माल बहुतेक जाडवालाच आहे. दुकानात विचारलं होतं, उत्तर आलं, "बोटीला हेच लावतात सगळे."

नांगरटाका
दुकान बदला. (वरच्या प्रतिसादातून साभार.)

शिडवाली
उजवी बाजू कोरी आहे म्हणालात ना, मग एक सांगून ठेवते, नाहीतर माझ्यासारखं होईल. क्रमांक दोन्ही बाजूंना डावीकडून उजवीकडे वाचला जातो. डाव्या बाजूला नाळ वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, म्हणजे क्रमांक नाळेपाशी सुरू होतो. उजव्या बाजूला उलटं, तिथे क्रमांक नाळेपाशी संपतो. मी उजव्या बाजूलाही नाळेपासून पहिलं अक्षर ठोकून दिलं. दुसरं लावताना लक्षात आलं की पुढे आता समुद्रच आहे.

उजव्या बाजूला आधी पूर्ण क्रमांकाची लांबी मोजायची, डाव्या बाजूचं पहिलं अक्षर नाळेपासून जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्याच अंतरावर शेवटचं अक्षर यायला हवं, आणि तिथून मागे मोजत सुरुवात कुठे येते ते काढायचं. नोंदणी कार्यालय मुदतीची वेगळी चिकटपट्टी देत असेल तर तिची जागाही आधीच धरून ठेवा.

वल्हवणारा
ताई, मी अगदी तेच करणार होतो. पहिलं अक्षर नाळेपाशी, १००%. दंडवत.

खारावारा
बुडबुड्यांवर कोणीच बोललं नाही. मी ओल्या पद्धतीचा माणूस. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, फवाऱ्यात भरा, बोटीवरही मारा आणि अक्षराच्या गोंदावरही. अक्षर पाण्यावर तरंगतं, बोटाने सरकवता येतं. जागा पटली की प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. साबण जास्त झाला तर गोंद धरत नाही, म्हणून थेंब म्हणजे थेंबच. हात मऊ ठेवणारा साबण असतो तो नको.

वरची ट्रान्सफर टेप लगेच ओढू नका, तासभर जाऊ द्या. काढताना ती स्वतःवरच दुमडून, अंगालगत, हळू. अक्षर बरोबर उचललं तर परत खाली दाबा, पट्टी फिरवा, थोडं थांबा.

रेडियम_राजा
ओली पद्धत बरोबर, फक्त एक अपवाद. काही व्हिनाइलच्या गोंदात हवा निघायला बारीक चर असतात. ते कोरडंच लावायचं, चरात पाणी अडकलं की बसलंच. मागचा कागद काढून गोंद तिरका धरून बघा, जाळी दिसते.

कोरडी पद्धतही अवघड नाही. तुकडा जागेवर ठेवा, मधोमध उभी मास्किंग टेप मारा, ती बिजागरी. एक अर्धा उचला, मागचा कागद अर्ध्यापर्यंत सोला, कापा, मधून बाहेर दाबत जा. मग टेप काढा आणि दुसरा अर्धा. जागा हलत नाही हा मोठा फायदा. ८ सेंटिमीटरच्या अक्षरांना मी स्वतः कोरडंच लावतो, ओलं मोठ्या नावांसाठी.

बुडबुडा राहिलाच तर ब्लेड नको. सुईने बुडबुड्याच्या कडेला टोचा, मधे नाही, आणि भोकाकडे हवा ढकला.

जुनाखलाशी
आता पॉलिशकडे, कारण खरी गोम तिथे आहे. पॉलिशमधलं मेण किंवा सिलिकॉन अंगावर असेल तर कास्ट लावा नाहीतर सोनं लावा, सुटणार. नुसत्या साबणाने ते पूर्ण जात नाही. आधी साबणपाण्याने धुवा, मग मेण काढायचं द्रावण, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका फडक्याने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. उडू दिलं तर विरघळलेलं मेण जिथल्या तिथे परत बसतं. फडकी बदलत राहा आणि नंतर त्या जागेला बोट लावू नका.

झालं की नाही ते पाण्याला विचारा. फवारा मारा. पाणी चादरीसारखं पसरलं तर जागा साफ. मोत्यांसारखे थेंब उभे राहिले तर मेण आहे, परत पुसा.

ॲसिटोन जेलकोटवर (फायबरच्या अंगावरचा चकचकीत वरचा थर) सावधपणे चालतं, रंगवलेल्या बोटीवर नको, रंग मऊ पडतो. नुकता रंग दिला असेल तर काही आठवडे थांबाच. सुकताना रंगातून वायू सुटतात आणि स्टिकरखाली रोज नवे बुडबुडे येतात. तुम्ही फोडत बसता.

आणि तापल्या अंगावर लावू नका. गोंद टेकल्याबरोबर धरतो, सुधारायला संधी देत नाही. सावलीत, हाताला ना गरम ना गार लागेल अशा वेळी.

फुगीर_होडी
माझी हवा भरायची रबरी होडी आहे. हे सगळं तिलाही लागू का?

खारावारा
नाही. साधं व्हिनाइल फुगणाऱ्या, मुडपणाऱ्या कापडावर टिकत नाही, आणि होडी पीव्हीसी प्लास्टिकची असेल तर त्यातला मऊपणा आणणारा द्रव गोंद नासवतो. फळीवर क्रमांक लावून ती दोरीने बांधतात, किंवा त्या कापडासाठीचे खास लवचिक आकडे मिळतात. तुमच्याकडे फळी चालते का ते नियमात बघून घ्या.

वल्हवणारा
काढलेली अक्षरं परत वापरायचं कोणीच बोललं नाही, म्हणजे उत्तर कळलं. 😀 पण काढू कशी? आणि डाव्या बाजूला जुन्या मालकाचा क्रमांक पुसट दिसतो, स्टिकर नसतानाही! भुतासारखा. घासून जात नाही.

रेडियम_राजा
अक्षरं ताणली जातात, गोंदात मेण-धूळ जाते. परत नाहीच.

केस वाळवायच्या यंत्राने गरम करा, हात लावता येईल इतपतच. कोपरा नखाने उचला, स्वतःवर दुमडून अंगालगत हळूहळू ओढा. सरळ समोर ओढलं की तुकडे पडतात. धातूचं ब्लेड जेलकोटला चरे पाडतं, प्लास्टिकचं मिळतं. उरलेल्या गोंदाला टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या तेलाचं द्रावण. पण नंतर अल्कोहोलने पुसाच, कारण तेही तेलकट असतं.

भुताचं कारण ऊन. उघडा जेलकोट फिका पडतो, स्टिकरखालचा जुन्या रंगाचा राहतो. म्हणजे डाग अक्षरांच्या जागी नाही, आजूबाजूला आहे! म्हणून नुसतं अक्षर घासून उपयोग नाही, ती आख्खी बाजू रबिंग कंपाउंडने काढून एकसारखी करावी लागते. फार जुनं असेल तर पुसट राहीलच. नवा क्रमांक त्याच्यावर येईल अशी जागा निवडली तर थोडं झाकलं जातं.

वल्हवणारा
तीन आठवड्यांनी परत आलोय. दोन्ही बाजू झाल्या.

नवी कास्ट अक्षरं आणली, दोन तुकड्यांत, ट्रान्सफर टेपसकट. डावी बाजू सोलली आणि कंपाउंड मारलं (भूत सत्तर टक्के गेलं, उरलेलं नव्या आकड्यांखाली). पुसताना पाण्याची परीक्षा दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा पाणी पसरलं.

रेघेला दीड तास गेला. रबर पट्टीपासून मोजून बारीक टेप लावली तर ताईंच्या होडीसारखं झालं, अक्षरं चढायला लागली. पट्ट्याला धरली तर उतरली. मग मुलाला टेपचं मागचं टोक धरायला दिलं आणि मी रस्त्यापलीकडे मांडी घालून बसलो. "वर. अजून. खाली. तिथेच!" येणारेजाणारे बघत होते. लावायला मात्र दोन्ही बाजू मिळून वीस मिनिटं. कोरडं, बिजागरीवालं. बुडबुडा एकच, सुईने गेला.

सातचा पाय का उचलत होता तेही कळलं. तिथे फायबरमध्येच साच्याची उभी कड आहे, आणि पाय बरोबर तिच्यावर येत होता. पॉलिशचा दोष होताच, पण सगळा नाही. या वेळी क्रमांक चार सेंटिमीटर मागे सरकवला.

नांगरटाका
सातच्या पायाची जाहीर माफी मागतो.

खारावारा
मस्त! पूर्ण दिवसभर तरी पाण्यात टाकू नका, दोन-तीन दिवस मिळाले तर उत्तम. आणि दाबाच्या पाण्याने धुताना नळी लांब धरा, अक्षरांच्या कडेवर धार सोडू नका.

वल्हवणारा
टाकलीच नाही अजून. फक्त एक खटकतंय. डावी बाजू चार सेंटिमीटर मागे घेतली, उजवीकडे ती कड नाही म्हणून उजवी जुन्या मापाने लावली गेली. म्हणजे दोन्ही बाजूंचं नाळेपासूनचं अंतर सारखं नाही. परत सोलू का?

जुनाखलाशी
दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसणार? बोट थेट त्याच्या अंगावर येत असेल त्यालाच. तो तेव्हा सेंटिमीटर मोजत नसतो. टाका पाण्यात.